बाजाराचे पैसे वेगळे

आजी बाजाराला निघाली की आधी देवघरात जायची. देवांच्या मागे भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात पितळेची डबी. डबीतले पैसे मोजून काढायची, लुगड्याच्या कनवटीला घट्ट लावायची आणि डबी होती तशी परत ठेवायची. मग चंची उघडायची. पान, सुपारी, चुना यांचे कप्पे ओलांडून अगदी आतल्या कप्प्यात परतीच्या एस.टी.च्या भाड्याची नाणी जायची. त्या नाण्यांना बाजारात हात लावायचा नाही, हे मलाही पाठ होतं.

गाव संगमेश्वर तालुक्यातलं, बाजार देवरुखचा. सुके बोंबील, सोडे, गूळ, मिरची, रॉकेल एवढी आमची खरेदी. मासळीवाली ओळखीची. ती म्हणायची, "आजी, सोडे चांगले आलेत, घ्या अजून थोडे." आजी कनवटीवर हात ठेवून सांगायची, "संपले गो." ते खरंच संपलेले असायचे. एकदा परतीच्या वाटेवर मी विचारलं, "जास्त पैसे का नाही आणत आपण?" ती म्हणाली, "बाजारात घर न्यायचं नसतं." तेव्हा मला वाटलं होतं, वाटेतल्या चोरांबद्दल बोलतेय. ती चोरांबद्दल बोलत होतीच, पण मासळीवालीबद्दलही बोलत होती आणि स्वतःच्या मोहाबद्दलही.

हे पैसे यायचे मुंबईहून. वडील लालबागला गिरणीत होते आणि कोकणातल्या निम्म्या घरांसारखं आमचंही घर मनीऑर्डरवर चालायचं. पोस्टमनदादा ओटीवर बसून नोटा दोनदा मोजायचे. आजी अंगठा उठवायची आणि शाईचा अंगठा डोक्याला पुसायची. मनीऑर्डरच्या खालच्या चिठोऱ्यावर वडिलांनी लिहिलेल्या दोन ओळी मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझं. 'सर्व खुशाल. भाताची कापणी झाली का ते कळवणे.' पोस्टमनदादा पायरी उतरायच्या आत पैशांची वाटणी झालेली असायची. शेतीचे पैसे पेटीत, तांदळाच्या कणगीमागे. बाजाराचे डबीत. सणाचे एका जुन्या तांब्यात, त्यावर वाटी पालथी.

या वाटणीची किंमत मला १९८२ साली कळली. १८ जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी थांबल्या. आमच्या वाडीत बऱ्याच घरांत पहिल्या दोन महिन्यांतच उधारी सुरू झाली. आजीनं त्या उन्हाळ्यात देवरुखचा बाजार जवळजवळ बंद केला, सोड्यांशिवाय दिवस काढले, पण पेटीतले पैसे डबीत येऊ दिले नाहीत. जूनमध्ये पेरणीला बियाणं घरच्या पैशानं आलं. आमच्या घरात आजही कुणी 'पेटी' म्हटलं की ते वर्ष डोळ्यांसमोर येतं.

वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. त्यांना डोंबिवलीच्या एमआयडीसीत नोकरी लागली, आम्ही सगळे तिकडे गेलो. तिथं आईनं डबीच्या जागी पाकिटं आणली. लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं उलटी करून चिकटवलेली. त्यांवर तिच्या किरट्या अक्षरात: दूध, वाणी, फी, वीज, औषध, सणवार. एक तारखेला वडिलांनी पगाराचं पाकीट देवापुढं ठेवलं की आई ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर घेऊन बसायची आणि एकेक पाकीट भरायची. सगळ्यात शेवटी, उरलं तर, एका पाकिटात दहा रुपये. त्यावर लिहिलेलं असायचं: पुस्तक.

त्या पुस्तकाच्या पाकिटातून माझी पहिली दूरची खरेदी झाली. व्ही.पी.नं. पुण्याच्या प्रकाशकाला पोस्टकार्ड टाकायचं, पुस्तक पार्सलनं यायचं आणि पैसे पोस्टमनच्या हातात दिल्यावरच पार्सल हातात यायचं. एकदा शब्दकोश मागवला आणि तो आला नेमका महिनाअखेरीला. पाकिटात पैसे कमी. बाजूच्या पाकिटातून काढ, म्हणून मी आईच्या मागे लागले. तिनं पोस्टमनला सांगितलं, "आठवडाभर पोस्टात ठेवाल का? एक तारखेला ही येईल घ्यायला." ते सहा दिवस मी शाळेतून येताना रोज पोस्टाच्या जाळीच्या खिडकीतून मागच्या फळीवरचं ते खाकी पार्सल बघून यायचे. दोन तारखेला पैसे भरून घेतलं. तो शब्दकोश अजून माझ्या टेबलावर आहे.

भारतीय टपाल खात्यानं व्ही.पी. सुरू केली १८७७ साली आणि मनीऑर्डर १८८० साली. म्हणजे न बघितलेल्या दुकानदाराकडून वस्तू मागवणं आपल्याकडे नवं नाही, आणि 'पैसे आधी की वस्तू आधी' हा पेचही तेवढाच जुना आहे. २०१० मध्ये फ्लिपकार्टनं 'कॅश ऑन डिलिव्हरी' सुरू केली तेव्हा लोकांना नवल वाटलं. मला व्ही.पी.ची आठवण आली. जाता जाता आणखी एक सांगायला हवं. आज ऑनलाइन खरेदीच्या पत्त्यात आपण जे सहा आकडे भरतो, तो पिनकोड आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी दिला. ते टपाल खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड लागू झाला. घरी आलेलं प्रत्येक खोकं त्यांच्या आकड्यांवरून वाट काढत येतं.

आधी पैसे भरून ठेवायचे आणि मग लागतील तसे वापरायचे, ही सवय मुंबईकरांना लोकलनं लावली. कुपनांचं पुस्तक घ्यायचं आणि स्टेशनवरच्या यंत्रात एकेक कुपन घालून शिक्का उठवायचा. मग मोबाइलची रिचार्ज कुपनं आली. ती पानाच्या ठेल्यावर टांगलेली असायची. मागची करडी पट्टी नाण्यानं खरवडायची, खाली आकडे निघायचे. जोरात खरवडलं तर आकडाच पुसला जायचा, म्हणून आई ते काम माझ्या भावाला करू द्यायची नाही.

ऑनलाइन खरेदीसाठी पहिलं प्रीपेड कार्ड आम्ही असंच खरवडलं होतं. २००८ चे गणपती. गावी जायचं तर रेल्वेच्या आरक्षणाच्या रांगेत पहाटेपासून उभं राहायचं किंवा सायबर कॅफेत जाऊन संकेतस्थळावर तिकीट काढायचं. कॅफेतल्या दहाजणांच्या हाताखालच्या संगणकावर बँकेच्या कार्डाचा नंबर टाकायला भाऊ तयार नव्हता. त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून इट्झ कॅशचं हजाराचं कार्ड आणलं, नाण्यानं खरवडलं आणि तो आकडा भरून कोकणकन्येची तिकिटं काढली. आई शेजारच्या खुर्चीत पिशवी धरून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "ह्यात हजारच होते ना? मग काय जाईल ते हजारच." तिला संगणक कळत नव्हता. तिची पाकिटं तिला बरोबर कळत होती.

त्यानंतर मात्र आम्ही सगळ्यांनी पाकिटं सोडली. सोडायला लागलो हे कळलंही नाही. पगार थेट खात्यात, वीजबिल खात्यातून, दूधही खात्यातून. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी आईनं सणवारच्या पाकिटातल्या पाचशेच्या नोटा माझ्या हातात दिल्या. "भर तुझ्या त्या खात्यात," म्हणाली. मी बँकेच्या रांगेत तीन तास उभी राहिले. दूध, वाणी, औषध, सणवार, म्हातारपणाची शिल्लक, सगळं एका खात्यात जमा झालं. त्या खात्याला एक डेबिट कार्ड आणि एक मोबाइल नंबर. आजीची पेटी, डबी आणि तांब्या एकाच भांड्यात ओतावं, आणि ते भांडं घेऊन मी रोज देवरुखच्या बाजारात जावं, असं ते झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात मला त्याचा फटका बसला. भाचीचं लग्न होऊन ती टोरोंटोला गेली होती. तिच्या वाढदिवसाला तिथल्या एका दुकानातून फुलं पाठवायची म्हणून मी कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून सुरू केला आणि बंद करायला विसरले. चार महिन्यांनी एका रात्री दोन ते तीनच्या दरम्यान तीन व्यवहार झाले. १२,४०० रुपये, पुन्हा १२,४०० आणि मग ९,८५०. ओटीपी आलाच नाही. आपल्याकडे ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची आहे, पण ते बंधन इथल्या दुकानदारांवर. परदेशातली अनेक संकेतस्थळं कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे यांवरच पैसे घेतात. माझा नंबर कुठून गेला, ते आजवर कळलेलं नाही.

सकाळी सहाला मोबाइल हातात घेतला, तीन संदेश ओळीनं. हातपाय गार पडले. कार्ड बंद केलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि दहाच्या आत शाखेत जाऊन बसले. तिथं मला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवत होते. "मॅडम, ओटीपी सांगितला असेल तुम्ही," हे मी त्या दिवशी चार वेळा ऐकलं. शेवटी मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं आणि टेबलावर ठेवलं. त्यानुसार, चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर ग्राहकावर त्याचा भार पडत नाही, आणि बँकेनं दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते. नवव्या दिवशी पैसे जमा झाले. पुढं ते कायम झाले. पण त्या नऊ दिवसांत मला झोप नव्हती आणि आईच्या औषधांचे पैसे शेजारणीकडून घ्यावे लागले, कारण बँकेनं चौकशीसाठी अख्खं खातं गोठवलं होतं. चौतीस हजारांपेक्षा मला त्याचा त्रास जास्त झाला.

आईला सगळं सांगितलं. तिचं वय तेव्हा त्र्याऐंशी. ती म्हणाली, "अगं, बाजाराला जाताना अख्खी पेटी डोक्यावर घेऊन गेलीस होय?"

मग मी ऑनलाइन खरेदीसाठी वेगळं प्रीपेड कार्ड घ्यायचं ठरवलं. दोन रविवार त्यातच गेले. जे कळलं ते आधीच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथं लिहिते.

रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये या कार्डांची आणि वॉलेटांची एकत्रित नियमावली काढली. त्यात मला सगळ्यात उपयोगी वाटलं ते 'लहान' प्रकारचं कार्ड. मोबाइल नंबर आणि ओळखपत्राचा क्रमांक एवढ्यावर ते मिळतं. त्यात एका वेळी १०,००० रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, महिन्यात १०,००० पेक्षा जास्त भरता येत नाहीत आणि वर्षाला १,२०,००० पेक्षा जास्त नाही. त्यातून फक्त खरेदी करता येते. पैसे काढता येत नाहीत, दुसऱ्याला पाठवताही येत नाहीत. कार्ड विकणाऱ्या दुकानातला मुलगा मला म्हणत होता की यात बंधनं फार आहेत, पूर्ण केवायसी करा, दोन लाखांपर्यंत मर्यादा मिळेल, ट्रान्सफरही करता येईल. तो प्रामाणिकपणे सांगत होता. पण मला ट्रान्सफर नकोच होती. जे मला करता येत नाही, ते कार्ड हाती लागलेल्या चोरालाही करता येत नाही. कनवटीतून कुणी हिसकलं तर कनवटीएवढंच जाईल, पेटी घरीच राहील.

गिफ्ट कार्ड वेगळं. तेही १०,००० पर्यंतचंच असतं, पण पुन्हा भरता येत नाही आणि त्याला दुहेरी पडताळणी सक्तीची नाही. म्हणजे ते हरवलं की नोट हरवल्यासारखंच. पुतण्याला वाढदिवसाला द्यायला छान आहे, रोजच्या खरेदीला नाही. आणि एक गोष्ट माझ्या मैत्रिणीच्या अनुभवातून. तिनं गिफ्ट कार्डावर चपला घेतल्या, कार्डात शून्य उरलं म्हणून कार्ड कचऱ्यात टाकलं. चपला लहान झाल्या, परत केल्या, आणि परतावा गेला त्याच कार्डावर. प्रीपेड कार्डावरच्या खरेदीचा परतावा त्याच कार्डावर येतो. वस्तू पसंत पडून परत करायची मुदत उलटेपर्यंत रिकामं कार्डही सांभाळून ठेवावं.

कोणाचं कार्ड घ्यायचं हा प्रश्न खरा महत्त्वाचा. बँकांशिवाय ज्या कंपन्यांना परवानगी आहे त्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते, ती मी नावानिशी तपासली. अशा कंपनीला ग्राहकांचे पैसे बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. तरीही २०२४ च्या ३१ जानेवारीला काय झालं, ते अनेकांच्या लक्षात असेल. रिझर्व्ह बँकेनं एका मोठ्या पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्चनंतर तिच्या वॉलेटमध्ये नवे पैसे भरता येईनासे झाले. आत असलेले पैसे वापरता येत होते, पण लाखो माणसं धास्तावली. माझं मत स्पष्ट आहे. अशा कार्डात साठवण करायचीच नाही. त्यावर व्याज मिळत नाही. महिन्याला लागेल तेवढं भरायचं आणि संपवायचं, डबीसारखं.

शुल्काचं बारीक अक्षर मी भिंग लावून वाचलं. एका कार्डाला घेताना पैसे, दुसऱ्याला दर वेळी भरताना, तिसऱ्याला हरवलं तर नवं देताना. महिन्याला दोन-तीन हजारांचीच खरेदी असेल तर दर भरण्याला लागणारं शुल्क वर्षात बरंच होतं. मुदत बघावी. शेवटचे पैसे भरल्यापासून किमान एक वर्ष ती असलीच पाहिजे आणि संपण्याआधीच्या ४५ दिवसांत तशी सूचना ग्राहकाला द्यावी लागते. एखाद्या दुकानाचं स्वतःचं कार्ड त्या दुकानातच चालतं, हे विसरू नये. आणि वर्षाच्या वर्गणीसारखे आपोआप कापले जाणारे पैसे प्रीपेड कार्डावरून कधी कधी जात नाहीत. मला त्याचीही आता सोय वाटते.

शेवटी मी एका बँकेचं साधं कार्ड घेतलं. दर महिन्याच्या एक तारखेला त्यात ३,००० रुपये भरते. तेवढ्यात माझी पुस्तकं, आईचे गुडघ्याचे पट्टे आणि घरातलं किडूकमिडूक येतं. मोठी वस्तू असेल तर त्या दिवशी तेवढी वेगळी भर घालते. पैसे संपले की मोबाइलवर शिल्लक शून्य दिसते, आणि मी 'संपले' म्हणते. मग पुस्तकांची यादी पुढच्या महिन्यावर जाते, जसा माझा शब्दकोश पोस्टाच्या फळीवर थांबला होता.

आजीच्या काळात सगळं चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. देवरुखच्या गर्दीत एकदा तिची कनवट कापली गेली होती. तिनं कुणाकडे तक्रार करायची होती? ती परतीची नाणी चंचीत होती म्हणून एस.टी.नं घरी आली आणि रात्री न जेवता झोपली. मला तीन दिवसांची मुदत देणारा नियम होता, फोन करायला क्रमांक होता, दुकानातून परतावा मागायचा हक्क होता. हे तिला मिळालं असतं तर तिला केवढा आधार वाटला असता. पण पैसे कप्प्याकप्प्यानं ठेवायची तिची शिस्त आम्ही सोयीपायी टाकून दिली. नव्या पद्धतीला तिचा काहीच अडसर नव्हता.

आईनं कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघितलं, तेव्हा तिनं माझ्याकडे एक पांढरी चिकटपट्टी आणि पेन मागितलं. कार्डाच्या पाकिटावर तिनं थरथरत्या अक्षरात लिहिलं: बाजार.

तुमच्या घरीही पाकिटं असतील, डबे असतील, किंवा त्यांची आठवण तरी असेल. ऑनलाइन खरेदीचे पैसे मूळ खात्यातून आजच वेगळे काढा. त्याच वेळी बँकेचं ॲप उघडून मूळ कार्डाचा परदेशी वापर बंद आहे ना, ते बघून घ्या. आणि कधी पैसे गेलेच, तर शाखा उघडायची वाट बघत बसू नका. कार्ड बंद करा आणि लगेच १९३० ला फोन लावा.